गणपूर्तीअभावी तहकूब

सप्टेंबर उजाडला की सोसायटीच्या फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागते. तळाला ठरलेली ओळ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. म्हणजे लोक येणार नाहीत हे चौदा दिवस आधीच छापलेलं! गणपूर्तीला वीस सभासद पुरतात, पण दहाची सभा साडेदहाला असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अध्यक्ष मूठभर माणसांसमोर गंभीरपणे सभा तहकूब करतात, चहा होतो, आणि त्याच मूठभर माणसांसमोर ती पुन्हा सुरू होते.

मला हा अर्धा तास फार आवडतो. जॉन मेयर आणि ब्रायन रोवन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलं होतं, की संस्थांचा औपचारिक डोलारा बराचसा कामासाठी नसतोच. समाजाने रास्त मानलेल्या कल्पनांचा तो सोहळा असतो. सोहळा नीट पार पाडला की मान्यता मिळते. खरं काम वेगळ्याच वाटेने होतं. आमच्याकडे ते लिफ्टमध्ये होतं.

पुढे १९८३ मध्ये पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी विचारलं, की सगळ्या संस्था एकसारख्याच का दिसू लागतात? कायद्याचा धाक हे एक कारण. आपल्याकडे १९६० चा सहकार कायदा आहे, ३० सप्टेंबरची मुदत आहे. हिशेबनीस, लेखापरीक्षक यांची व्यावसायिक शिस्त हे दुसरं. पण खरी गंमत तिसऱ्या कारणात, अनुकरणात. एका वर्षी आमच्या नोटिशीत ‘सी विंगच्या लिफ्टची दुरुस्ती’ असा विषय आला. आम्हाला सी विंगच नाही. शेजारच्यांचा मसुदा जसाच्या तसा उतरवलेला. तरी कुणीतरी सूचक झालं, कुणी अनुमोदक, आणि ठराव सर्वानुमते मंजूर!

पुनर्विकासाचं वारं सुटलं की मात्र नूर पालटतो. विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर लागतो, चित्रीकरण होतं. मग एरवी कधी न फिरकणारे सभासद नऊपासूनच खुर्च्या अडवून बसतात आणि चिटणिसांना दरडावून विचारतात, ‘मागच्या सगळ्या सभांची इतिवृत्तं काढा बघू, आमच्या माघारी काय काय मंजूर केलंत?’