गळलेलं ‘नाही’

नऊ तास चाळीस मिनिटांच्या ऑडिओबुकातून एक शब्द गळाला. दोन अक्षरांचा. त्यानं कादंबरीचा शेवट उलटा झाला आणि पाच महिने ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते एडिट करणाऱ्या आमच्याही नाही.

उघडकीला आलं ते नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत. तिथला वाचनगट महिन्यातून एकदा जमतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी त्यांच्याकडे येते, त्यातली पुस्तकं फिरतात, आणि हल्ली निम्मी मंडळी वाचण्याऐवजी ऐकतात. समीक्षा वगैरे भानगड नसते. ‘मला नाही बाई झेपलं’, ‘पहिली पन्नास पानं ढकलत नेली, मग सुटलं’, ‘वाचणारीचा आवाज गोड आहे पण सगळ्याच बायका एकाच वयाच्या वाटतात’ अशी बोलणी. ऑडिओ तयार करणाऱ्यांनी अशा ठिकाणी गुपचूप बसून यावं. ॲपवरच्या पाच चांदण्यांतून कळत नाही ते इथं चहाचा दुसरा कप संपेपर्यंत कळतं.

त्या दिवशी विषय होता आम्ही एडिट केलेली कादंबरी. निफाडकडचं द्राक्षबागायतदाराचं घर, वडील गेलेले, भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही मागतोय. शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस बहीण आईच्या कानाशी वाकून म्हणते, “सांग दादाला, मी सही करणार नाही.” शेवटचं प्रकरण सात वर्षांनंतरचं.

एक काकू म्हणाल्या, “पोरीचं मन केवढं मोठं बघा. हिस्सा सोडून दिला, आणि तरी भाऊ सात वर्षं बोलत नाही. जग हे असं.” तिघींनी माना हलवल्या. पलीकडून एक निवृत्त तलाठी, “सोडला कुठं? सोडला नाही म्हणूनच तर बोलत नाही ना तो.” मग जुंपली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हे त्यांनी ऐकवलं. काकूंनी ते आपल्याला ठाऊक असल्याचं सांगितलं, कायद्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पोरीच्या स्वभावाचा होता. दहा मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं की सही झाली म्हणणारे सगळे ऐकणारे आहेत आणि नाही झाली म्हणणारे सगळे वाचणारे. पुस्तक मागवून ते पान काढलं. ‘नाही’ होतं. काकूंच्या फोनवर प्रकरण लावून शेवटच्या मिनिटावर नेलं. “सांग दादाला, मी सही करणार.” मग शांतता, आणि पुढच्या प्रकरणाचा आकडा.

बावीसावं प्रकरण. रात्री मूळ रेकॉर्डिंग उघडलं. तिथं ‘नाही’ आहे. वाचणारी नाटकातली आहे, तिनं ‘करणार’नंतर दीड सेकंद थांबून ते कुजबुजल्यासारखं म्हटलंय. छापील वाक्यात थांबा नाही, हा तिचा स्वतःचा. रंगमंचावर अशी जागा टाळी घेते, कारण तिथं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं म्हणून कुजबूजसुद्धा पोटातून येते. माइकसमोर हीच माणसं खरीखुरी कुजबुजतात, कारण माइक वीतभर अंतरावर असतो आणि त्यांना तो कान वाटतो.

एडिट केलेल्या फाइलमध्येही ‘नाही’ आहे. मास्टर केलेल्या फाइलमध्ये नाही.

म्हणजे खाल्लं ते मास्टरिंगनं, आवाज साफ करून पातळी बसवणाऱ्या शेवटच्या टप्प्यानं. कसं, ते सविस्तर सांगते, कारण हे कुणाच्याही स्टुडिओत होऊ शकतं आणि आमच्याकडे ते रोज थोडंथोडं होत असणार.

नाशिकमध्ये घरगुती बूथमध्ये रेकॉर्डिंग करायचं म्हणजे ओझरहून उडालेलं विमान, देवळालीच्या तोफखान्याचा सराव, आणि सिंहस्थाच्या नावानं खोदलेले रस्ते या सगळ्यांशी सामना असतो. गाद्या आणि रजया भिंतीला लावून वरच्या पट्टीतले आवाज अडतात, खालची घरघर अडत नाही. म्हणून मास्टरिंगच्या साखळीत पहिला येतो हाय-पास फिल्टर, ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा. त्यानंतर डीनॉइज. यासाठी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वाचणाऱ्यानं तीस सेकंद गप्प बसायचं असतं, श्वाससुद्धा सांभाळून. त्या रिकाम्या खोलीच्या आवाजाचा ठसा घेऊन सॉफ्टवेअर तसलं जे जे दिसेल ते कमी करतं. तिसरं गेट. गेट म्हणजे फाटकच, ठरवलेल्या पातळीखाली आवाज गेला की बंद. मग आवाजाच्या पट्ट्या सावरणारा इक्वलायझर, ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी दाबणारा डी-एसर, मोठा-लहान आवाज जवळ आणणारा कंप्रेसर, आणि शेवटी पातळी बसवणं. ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक-मंचाची मापं आमच्याकडेही मागतात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मधे, शिखर उणे ३ च्या वर नाही, शांततेतला खरखराट उणे ६० च्या खाली.

कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा घासत बाहेर पडते. त्या आवाजाला सूर नसतो, त्यामुळे डीनॉइजला तो आवाज आणि एसीची सरसर एकाच जातीची वाटते. आमच्या फाइलमध्ये ते ‘नाही’ मुळात उणे ४१ च्या आसपास होतं. त्यातही ‘ना’ नाकातला, कुजबुजीत जवळजवळ उरतच नाही, आणि ‘ही’ म्हणजे निव्वळ हवा. डीनॉइजनं ते उणे ४७ वर आणलं. गेट उणे ४० वर ठेवलेलं होतं. फाटक उघडलंच नाही.

इथवर निदान एक खड्डा तरी उरला असता. तीन सेकंदांची मेलेली शांतता ऐकून कुणी तरी विचारलं असतं. पण साखळीच्या शेपटीला एक ‘ट्रंकेट सायलेन्स’ होतं, दीड सेकंदापेक्षा मोठी शांतता आवळून पाऊण सेकंदाची करणारं. त्यानं खड्डा बुजवला, वर डांबरही टाकलं.

हा सगळा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली मापं, एका दुसऱ्या शहरातल्या इंजिनिअरनं इंग्रजी निवेदनासाठी बांधलेला, त्याच्याकडून आला आणि तेवीस प्रकरणांवर एका रांगेत, न बघता लागला. त्याची चूक मी म्हणणार नाही. गेट पूर्ण बंद होणारं का ठेवलं, हा प्रश्न मात्र त्याला विचारलाय. एक्सपांडर, म्हणजे फाटक बंद न करता आवाज नुसता उतरवणारं, ठेवून दहा-बारा डेसिबलच खाली न्यायला सांगितलं असतं, तर शब्द दबला असता, मेला नसता. गेटच्या आधी हातानं पातळी सारखी करून घेतली असती तरी वाचला असता. त्याचं उत्तर, “इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही.”

इंग्रजीत कदाचित येणारही नाही. तिथं ‘नॉट’ वाक्याच्या मधे असतो, हिंदीत ‘नहीं’ सहसा क्रियापदाच्या आधी. दोन्हीकडून जिवंत शब्दांनी धरलेलं असतं, गेट तेव्हा उघडंच असतं. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला लोंबतो, जिथं बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज उतरलेला असतो. शिवाय तो काढून घेतला तरी वाक्य धडधाकट राहतं. ‘मी सही करणार’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘विकणार’, ‘येणार’, ‘राहणार’ सगळ्यांचं तेच. ‘करत नाही’मधलं ‘नाही’ गेलं तर ‘करत’ लंगडतं, कान टवकारतो. ‘करणार’ लंगडत नाही.

याच गेटनं ‘केलं’, ‘गेलं’, ‘होतं’चे शेपटीचे स्वर वर्षानुवर्षं छाटले आहेत. त्या अनुस्वारावर मराठीत शेवटचा अ जरा लांबतो आणि विरत जातो. रिलीज, म्हणजे फाटक लागायला मिळणारा वेळ, पन्नास मिलिसेकंदांवर असेल तर विरण्याआधीच फाटक लागतं आणि ‘केलं’चं ‘केल’ होतं. ऐकणारे म्हणतात, “वाचणारी पुण्या-नाशिककडची वाटत नाही.” वाचणारी इथलीच असते. आम्ही रिलीज अडीचशेवर नेल्यावर ती पुन्हा इथली झाली.

प्रूफ ऐकणाऱ्यांकडे बोट दाखवायचा मोह झाला, पण ते निर्दोष निघाले. प्रूफ म्हणजे संहिता समोर ठेवून ओळ न ओळ ताडून ऐकणं. यात चुका भरपूर सापडतात. याच कादंबरीत ‘तो जात होता’मधला ज आणि ‘त्याची जात’मधला ज चार ठिकाणी उलटसुलट झाले होते. लिपीत दोन्ही एकच, म्हणून संहितेवर दंततालव्य ‘ज’ला खाली टिंब द्यायची आमची पद्धत आहे, आणि टिंबं देणारा दमला की चुका होतात. द्राक्षाच्या घडांना ‘जी. ए.’ दिल्याचा उल्लेख होता, जिबरेलिक ॲसिडचा. वाचणारीनं ते इतक्या आदरानं उच्चारलं होतं की घड कुणा थोर साहित्यिकाला अर्पण केल्यासारखे वाटले. ते सगळं प्रूफमध्ये पकडलं गेलं. पण प्रूफ ऐकलं जातं ते एडिट झालेल्या फाइलवर, मास्टरिंगच्या आधी. कारण उघड आहे: दुरुस्त्या आल्या तर पुन्हा रेकॉर्डिंग, मग पुन्हा मास्टरिंग, दुप्पट खर्च. मास्टरिंगनंतर फाइल फक्त मीटरला दाखवतात. सरासरी बसली, शिखर बसलं, खरखराट बसला, हिरवा टिक. गायब झालेल्या शब्दाला डेसिबल नसतात. उलट शांतता वाढली म्हणून खरखराटाचे गुण चांगलेच पडतात.

दोन्ही फाइलींची लांबी ताडून पाहिली असती तरी कळलं नसतं, कारण त्या ‘ट्रंकेट’मुळे प्रत्येक प्रकरण पंधरावीस सेकंदांनी आखूड होतच होतं. ते आता काढून टाकलंय. शांतता आवळायची तर एडिटमध्ये, हातानं. मास्टर झालेली फाइल एडिटइतकीच लांब हवी, सेकंदाचाही फरक नको. लाटेची दोन चित्रं वरखाली ठेवून बघायची, वर डोंगर आणि खाली सपाट असं कुठं दिसलं तर थांबायचं. आणि प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं एक मिनिट मास्टर फाइलवर, हेडफोनवर नाही, फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐकायचं. लोक तसंच ऐकतात. कढईत फोडणी पडत असताना ऐकतात, दीडपट वेगानं ऐकतात आणि मग पात्रांची नावं आठवत नाहीत म्हणून लेखकाला दोष देतात.

उरलेल्या पुस्तकात असं आणखी कुठं झालंय का, हे शोधणं सोपं वाटलं होतं. संहितेत ‘णार नाही’ शोधायचं आणि तेवढ्या जागा ऐकायच्या. प्रकाशकाकडून आलेली पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली. पडद्यावर मराठी, आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ‘नाही’ शोधलं की संगणक म्हणतो, नाही. कन्व्हर्टरमधून काढली तर जोडाक्षरं फुटली आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. २०२५-२६ सालातही मराठी पुस्तक छापखान्यातून बाहेर आलं की त्यातला मजकूर शोधता येत नाही, यावर कुणाला लाज कशी वाटत नाही, देव जाणे. शेवटी दोघींनी मिळून पानं चाळली, लाल पेन्सिलनं खुणा केल्या. चौसष्ट जागा निघाल्या. त्यातल्या एका ठिकाणी ‘नाही’ निम्मं खाल्लेलं होतं, पण पुढच्या वाक्यावरून अर्थ लागत होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. मूळ रेकॉर्डिंगमधला तेवढा तुकडा घेतला, डीनॉइज हलकं केलं, गेट काढलं, आवाज नऊ डेसिबलनं वाढवला, मागे त्याच बैठकीची रिकामी खोली अंथरली, नाही तर वाढवलेल्या तुकड्याभोवतीची सरसर एकदम उघडी पडते. वाचणारीला पाठवलं. तिचं म्हणणं, “आता ती आईच्या कानात नाही, चारचौघांत बोलल्यासारखी वाटते.” खरं आहे. तीन डेसिबल उतरवले. पंख्याखाली ऐकू येईना. दोन चढवले. असं संध्याकाळपर्यंत चाललं होतं.

नवी फाइल चढली, पण ज्यांनी आधीच फोनवर उतरवून घेतलीय त्यांच्याकडे जुनीच राहते. ॲप त्यांना काही कळवत नाही. कळवा म्हटलं तर उत्तर येतं की तशी सोय नाही. तेव्हा त्या पाच महिन्यांत ऐकलेल्या सगळ्यांच्या कादंबरीत तिनं सही केलेली आहे, आणि ॲपवर एकही तक्रार नाही. ‘शेवट मनाला भिडला’, ‘आजकाल अशा मुली कुठं’ असल्या प्रतिक्रिया आहेत. शेवटच्या प्रकरणात ‘तिच्या वाट्याची बाग’ असा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचं काय केलंत, असं मी त्या गटात विचारलं होतं. एक जण म्हणाले, “आम्हाला वाटलं, भावानं नंतर स्वतःहून दिली असेल.” दुसऱ्या बाई म्हणाल्या, “सासरची असेल.” मला वाटत होतं खड्डा ‘ट्रंकेट’नं बुजवला.

पुढच्या महिन्यात काकूंच्या फोनवरची जुनी फाइल काढून नवी उतरवून दिली. त्यांनी डोळे मिटून ते शेवटचं मिनिट दोनदा ऐकलं.

“हो की. म्हणते खरी ‘नाही’.”

मी फोन परत देत होते.

“अगं, म्हणतात सगळ्याच तसं,” त्या म्हणाल्या. “पुढं सही करतातच.”