पहिला नवरा एवढा चांगला का दाखवलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कडोलीच्या साहित्य संमेलनात, वाचनालयात, कधी खानापूरच्या बसमध्येसुद्धा हा प्रश्न येतो. "तुमच्या कादंबरीतला पहिला नवरा किती चांगला आहे हो. तो गेल्यावर ती दुसऱ्याच्या प्रेमात पडते, हे पटत नाही. दारुडा असता, मारकुटा असता, तर समजून घेतलं असतं."

मला नेमकं तेच नको होतं. पहिल्याला वाईट ठरवल्याशिवाय बाईनं दुसरं सुख घ्यायचं नाही, ही अट कुणी घातली? जिला चांगला संसार मिळाला तिलाच सोबतीची किंमत ठाऊक असते, रिकामं घर तिलाच जास्त खायला उठतं. आणि एकाला मनातून पुसून मगच दुसऱ्यावर जीव लावायचा, असं माणसाचं होत नाही. म्हणून पहिल्याला मी शेवटच्या पानापर्यंत घरात ठेवलाय.

माझी नायिका बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातली. तिकडच्या लाल मातीत रताळी होतात. शेतात जाताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, पुऱ्या बाह्यांचा. ऊन लागत नाही, साडी मळत नाही. हिचा नवरा गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाक म्हणून सगळे मागे लागतात. ती एक शर्ट ठेवून घेते. निळ्या चौकड्यांचा, डाव्या बाहीचं बटण तुटलेला. तोच अंगात घालून ती रताळी काढत असते, तेव्हा पोती भरायला आलेला टेम्पोवाला तिला पहिल्यांदा बघतो. पुढे त्यांचं लग्न होतं, पावसाळा येतो, आणि वेल लावायला ती तोच शर्ट घालून निघते. टेम्पोवाला दारातून एवढंच म्हणतो, "बटण लावून घे की, बाही चिखलात लोळतीया." एका वाचकांना हा दुसऱ्या नवऱ्याचा अपमान वाटला. मला मात्र त्या माणसाचं प्रेम सगळ्या पुस्तकात तिथंच सगळ्यात जास्त दिसतं.

"हे तुमचंच का?" असंही विचारतात. माझं नाही. थोडं माझ्या काकीचं आहे. संक्रांतीचं वाण गणपत गल्लीतून तीच आणायची, तिळगूळही तीच करायची, आणि हळदीकुंकवाच्या बायका आल्या की "चहा बघतो मी" म्हणत आत जायची. तिला कुणी आत जा म्हटलं नव्हतं. थांब असंही कुणी म्हटलं नाही, तिथं मीसुद्धा असायची. सीमेपलीकडे, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. ती बातमी वाचायला काकी हवी होती.

आणि चांगल्या नवऱ्यामागं पुन्हा लग्न, हे मी नव्यानं काढलेलं नाही. बाबा पदमनजी बेळगावातच जन्मले, १८३१ साली. त्यांच्या 'यमुनापर्यटन'चं, १८५७ सालच्या, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून नाव घेतात. त्यातल्या विनायकाचा यमुनेवर जीव आहे. तो जातो, आणि यमुना पुन्हा लग्न करते. लेखकाला ख्रिस्ती धर्म सांगायचा होता आणि तो पानोपानी सांगितलाय, तो भाग मला जड जातो. पण आपल्या कादंबरीची सुरुवातच अशा बाईपासून झाली, याचा मला फार आधार वाटतो.

त्याच्या आदल्या वर्षी, १८५६ ला, विधवाविवाहाचा कायदा आला होता. लग्नाची मुभा मिळाली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा, जणू ती बाई मेलीच. तो कायदा आता राहिला नाही. विधवा पेन्शन मात्र पुन्हा लग्न केलं की आजही बंद होते. रक्कम थोडी असते, पण महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावावर येणारे तेवढेच पैसे असलेल्या बाईला ते सोडणं सोपं नसतं. प्रेमकथेत हे कशाला, असं मला संपादनाच्या वेळी सांगितलं गेलं. मी ते प्रकरण काढू दिलं नाही.

त्यात माझी नायिका पेन्शन बंद करायला एकटीच नाडकचेरीत, म्हणजे महसुलाच्या सरकारी कचेरीत, जाते. मागे रांग, रांगेत गावातल्याच बायका. टेबलामागचा माणूस कन्नडात कारण विचारतो. "मदुवे," ती म्हणते. मग मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत: "लगीन करूलालोय मी." टेम्पोवाल्याला तिनं तोवर हो म्हटलेलं नसतं. त्याला ते संध्याकाळी, रांगेतल्याच एकीकडून कळतं.