पोळ्याला कापलेलं शिंग

पोळ्याला माझा जनावरांचा दवाखाना बंद असला तरी मी गाव सोडत नाही. आमच्या बीडकडे श्रावण अमावस्येला बैलांना पुरणपोळी इतक्या मायेने चारतात की दुपारनंतर पोटफुगीचे फोन ठरलेलेच. त्या पोळ्याला मात्र फोन आला तो रक्ताचा.

वेशीतल्या तोरणाखाली दुसऱ्या जोडीचा धक्का लागून एका खिल्लार बैलाचं डावं शिंग बुडापासून हललं होतं. टेम्पोतून उतरवला तेव्हा अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, शिंगाला पितळी शेंबी आणि डाव्या नाकपुडीतून रक्त. मालक त्या दुसऱ्या जोडीवाल्यावर संतापला होता. पण निरोगी शिंग सहसा असं खिळखिळं होत नाही. "मान एका बाजूला टाकतो का? शिंग झाडाला घासतो का?" मी विचारलं. उत्तर त्याच्या आईने दिलं, "महिना झाला सायेब. काल खांदेमळणीला लोणी-हळद चोळत होते, तर शिंगापाशी हात लावू देईना."

शिंगाचा कर्करोग. लांब शिंगांच्या, कामाच्या बैलांत तो जास्त दिसतो. शिंगाच्या आतली पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली असते, म्हणून नाकातून रक्त येतं. शिंग काढण्याला पर्याय नव्हता. मालक हबकला. "आजच्या दिवशी नंदीवर करवत चालवायची?" मी काही बोलायच्या आत म्हातारीने बाशिंग सोडलं, बैलाच्या पाया पडली आणि म्हणाली, "देव दुखतोय तर वाट कशाची बघायची?"

पोट पुरणाने भरलेलं, त्यामुळे आडवा पाडणं धोक्याचं. उलटी श्वासनलिकेत जायची. जनावर जखडायच्या खोड्यात उभाच ठेवला. डोळ्याचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध लिग्नोकेन टोचलं, भूल चढल्याची खात्री केली, कातडी सोडवली आणि तारेच्या करवतीने शिंग काढलं. आत फुलकोबीसारखी, दुर्गंधी येणारी वाढ. रक्तवाहिन्या बांधून, राहिलेली वाढ खरवडून कातडी शिवेपर्यंत अंधारलं होतं. म्हातारी सगळा वेळ बैलाच्या तोंडाशी उभी होती.

तुकडा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवला. निदान पक्कं झालं. मग व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली आणि पावसाळ्यात जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून पट्टी बदलायला मी स्वतः जात राहिलो.

शिंगं साळणं, रंग, जुवाचा मार या सगळ्यांवर या रोगासाठी संशय घेतला जातो. साळण्याचा तर मला मनापासून राग आहे. शिंग गुळगुळीत दिसावं म्हणून त्याचं कवचच पातळ करायचं आणि वर वॉर्निश फासायचं, ही कसली पूजा? खांदेमळणी मात्र मला फार मोलाची वाटते. वर्षातून एकदा का होईना, घरातली माणसं बैलाच्या अंगाचा कोपरा न् कोपरा हाताने चाचपतात. आता मी पोळ्याआधी गावोगाव सांगतो: मळताना शिंगाच्या बुडालाही हात लावा, बैल झटका देऊन मान काढत असेल तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि मला फोन करा. सुट्टी असली तरी.