अडलेला खांदा आणि नागपूरची फेरी

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली की आमच्या आर्वीकडच्या गावांत खांदा कोणाचा दुखत नाही? पण माझं दुखणं वेगळंच निघालं. वेचणीला जाताना ओटीची गाठ मागे मारता येईना. वेणी घालताना उजवा हात कानाशी जाऊन अडायचा. रात्री त्या कुशीवर वळले की कळ कोपरापर्यंत जायची.

शेजारच्या काकूंचा इलाज ठरलेला, "चमक भरली तुले माय, पायाळू मानसाची लाथ घे." चमकेला लाथ पुरत असेलही, पण हे दुखणं दिवाळीपासून मुक्कामालाच आलेलं.

शेवटी भाच्याने नागपूरला कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून सरकवणाऱ्याकडे, नेलं. मोबाइलवर माना कटकट मोडणारी माणसं ती हीच, एवढीच माझी माहिती. डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत ही पद्धत काढली, आणि तिचा मूळ भर मणक्यांवर. मी आपली जीव मुठीत धरून बसले.

नागपूरच्या त्या कायरोप्रॅक्टरांनी काही मोडलं नाही. कोपर कुशीला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगितला. मला जमेना. मग त्यांनी स्वतः वळवून पाहिला, तरी तो तिथेच अडला. म्हणाले, नुसती शीर किंवा स्नायू दुखावला असता, तर दुसऱ्याने उचलल्यावर हात बराच वर गेला असता. इथे सांध्याभोवतीचं वेष्टणच जाड होऊन आवळलंय. फ्रोझन शोल्डर. पुढचा प्रश्न, "मावशी, शुगर आहे का?" आहे. शुगरवाल्यांना हे जास्त होतं, हे गोळ्या लिहून देणाऱ्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

एक्सरे पाहूनच त्यांनी हात लावला. मान आणि खांद्याचं पातं दाबून मोकळं केलं, सांधा हळूहळू सरकवला. घरी करायला दोन व्यायाम दिले: टेबलाला टेकून वाकायचं आणि दुखरा हात लोंबता सोडून झुलवायचा, दुसरा, भिंतीवर बोटं चढवत न्यायची. बोटं पोचतील तिथे मी कोळशाने रेघ ओढते. चुन्याच्या भिंतीचा पार फळा झालाय, सासूबाई रोज बोलतात.

मान हलकी झाली, झोप लागू लागली, हे त्या हातांचं श्रेय. खांद्याचं मात्र मी व्यायामाकडे जास्त देईन. आणि हे दुखणं वर्ष-दोन वर्षं घेऊन पुष्कळदा आपसूकही सैल होतं, तेव्हा वाटणी करणार तरी कशी? हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर मान झटक्याने मोडून घेऊ नका. आणि डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छाती भरून घाम फुटला, तर कोणाकडून चोळून घेत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

दर खेपेला नागपूर परवडत नाही. भाडं जातं, वर मजुरीही बुडते. पुढचं मी सेवाग्रामला फिजिओथेरपीत सुरू केलंय.