हिमरू शालीचे डॉलर: परदेशी कार्डांची येणी विकताना वकिलाचं काम

वेरूळ बघायला आलेली पाहुणी छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात हिमरू शाल घेते आणि आपलं परदेशी कार्ड घासते. दुकानदाराला त्याची बँक रुपये देऊन मोकळी होते. बँकेला मात्र ते पैसे व्हिसा किंवा मास्टरकार्डकडून यायचे असतात. सेटलमेंट डॉलरमध्ये ठरलेलं असेल तर डॉलरमध्ये. म्हणजे बँकेचा ऋणको पाहुणी नाही, पाहुणीची बँकही नाही, तर कार्ड नेटवर्क. नवे वकील इथंच गोंधळतात आणि मग सगळा मसुदा चुकीच्या ऋणकोभोवती फिरतो.

अशी पुढच्या काही वर्षांची येणी बँक परदेशातल्या एसपीव्हीला, म्हणजे फक्त याच सौद्यासाठी काढलेल्या कंपनीला, आजच विकते आणि एसपीव्ही त्यांवर रोखे काढते. नेटवर्क पैसे थेट न्यूयॉर्कमधल्या ट्रस्टीच्या, म्हणजे रोखेधारकांच्या वतीनं पैसे सांभाळणाऱ्याच्या, खात्यात भरतं. ट्रस्टी रोखेधारकांचा हप्ता काढून घेतो, उरलेलं बँकेकडं सोडतो. डॉलर देशात येण्याआधीच गुंतवणूकदाराचं भागतं, त्यामुळं उद्या सरकारनं परकीय चलन अडवलं तरी हप्ता अडत नाही. भावी येण्यांची ही वाट 1987 मध्ये मेक्सिकोच्या टेलमेक्स या टेलिफोन कंपनीनं पाडली. तिथं ऋणको अमेरिकेची टेलिफोन कंपनी एटी अँड टी होती. कार्डांच्या येण्यांवर मेक्सिको, ब्राझीलमध्ये असे सौदे झाले. भारतीय बँकेला हे करायचं तर आधी फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) आणि रिझर्व्ह बँकेचा उंबरठा ओलांडावा लागेल. आपल्याच ग्राहकांच्या कार्डावरची उधारी विकणं ही वेगळी गोष्ट, आणि अशा फिरत्या, म्हणजे फेडून पुन्हा उचलता येणाऱ्या, कर्जाचं सिक्युरिटायझेशन (त्याच्या येण्यांवर रोखे काढणं) रिझर्व्ह बँकेच्या 24 सप्टेंबर 2021 च्या निर्देशांनी बंदच केलं.

माझ्या मते साऱ्या फायलीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पैसे ट्रस्टीच्याच खात्यात भरण्याचं नेटवर्कचं संमतीपत्र. विक्रीकरार कितीही मोठा असो, नेटवर्कनं जुन्याच खात्यात पैसे भरले तर तो कपाटातच राहतो. आपल्याकडं मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 130 स्पष्ट आहे: विक्रीची सूचना मिळण्याआधी ऋणकोनं जुन्या धनकोला पैसे दिले, तर ते देणं फिटलं. सूचना लेखी हवी, हे कलम 131. आणि कलम 132 प्रमाणं ऋणकोचे मूळ धनकोविरुद्धचे बचाव नव्या मालकालाही लागू होतात.

हे कलम 132 फार दुखतं. बँक दुकानांकडून कार्ड स्वीकारते तशी स्वतःची कार्डंही देते. तिचे ग्राहक दुबईत खर्च करतात, ते देणं नेटवर्क येण्यातून वळतं करून घेतं. शंभर येणार होते, हाती चाळीस पडतात. म्हणून संमतीपत्रात लिहून घ्यायचं की वजावट फक्त स्वीकारलेल्या व्यवहारांवरचं शुल्क आणि चार्जबॅक (ग्राहकानं तक्रार केल्यावर उलटवलेला व्यवहार) एवढ्याचीच होईल. आणि स्वीकारण्याच्या बाजूचा बिन किंवा आयसीए क्रमांक, म्हणजे नेटवर्क बँकेला ज्यानं ओळखतं तो क्रमांक, वेगळा ठेवायचा, म्हणजे दोन्ही हिशेब मिसळत नाहीत. चार्जबॅक टाळता येत नाही. अनेक प्रकारांत तो 120 दिवसांपर्यंत येऊ शकतो, तेवढी राखीव रक्कम धरावीच लागते.

करार न्यूयॉर्क कायद्याखाली असला तर यूसीसी-1 नोंद, म्हणजे येण्यांवरचा खरेदीदाराचा हक्क जाहीर करणारी सरकारी नोंद, लागते. ज्या देशात अशा हक्कांची सार्वजनिक नोंदणी नाही, तिथली बँक कोलंबिया जिल्ह्यात, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.त आहे असं तो कायदा मानतो, नोंद तिथं. सातबाऱ्यावर नावातलं एक अक्षर चुकलं तर किती हेलपाटे पडतात हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. इथं हेलपाट्यांवर भागत नाही, नाव दिशाभूल करण्याइतकं चुकलं तर नोंदच निकामी. नोंद पाच वर्षं टिकते, नूतनीकरण शेवटच्या सहा महिन्यांतच करता येतं. आधी केलेलं चालत नाही, आणि मुदतीच्या तारखा ठेवायचं काम कुणाचं हे करारात लिहिलेलं नसलं तर ती हमखास चुकते.

मुद्रांक शुल्काचा प्रश्न मुंबईत सही करण्याआधी सोडवा. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम 34 खाली कमी मुद्रांकाचा दस्त पुराव्यात चालत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र कायद्याच्या हातात नाही. मार्च 2020 मध्ये पर्यटक व्हिसा थांबले, वेरूळ-अजिंठ्याची दारं बंद झाली. विक्री निर्दोष असली तरी न घासलेल्या कार्डाचं येणं जन्मालाच येत नाही. म्हणून आवक हप्त्याच्या ठराविक पटीखाली गेली की बँकेकडं जाणारी उरलेली रक्कम रोखून ती मुद्दल फेडायला वळवायची, असं कलम घालतात. ती पट तीन महिन्यांच्या सरासरीवर मोजायची की एका महिन्यावर, यावर वाटाघाटीत अडून बसा. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. एका महिन्याचं माप धरलं तर दर मे महिन्यात विनाकारण घंटा वाजेल.