रीफ टँक लावताना: आधी दगड, मग वाळू, शेवटी पाणी

रीफ टँक म्हणजे प्रवाळांसाठीचा खाऱ्या पाण्याचा टँक. माझा ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे काठोकाठ भरला तर १८२ लिटर. खालच्या कपाटात ६० × ३० × ४० चा संप, म्हणजे टँकचं पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी. वाळू आणि फिल्टर यांचा विचार मी वेगवेगळा केला नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच: माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, दगडातून झडणारा गाळ शेवटी कुठे जाऊन बसणार? जिथे माझा हात पोचतो तिथेच तो बसावा, या हिशेबाने मांडणी ठरवली.

वाळू अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) घेतली, दाणा १ ते २ मिलिमीटर. साखरेसारखी बारीक वाळू दिसते सुरेख, पण वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह फिरवणारा पंखा) लावला की कोपऱ्यात ढीग आणि मधे उघडी काच. कोरलचा भरड चुरा उडत नाही, मात्र त्याच्या फटींत खाद्य अडकून सडतं आणि नायट्रेट चढत राहतं. थर ३ सेंटिमीटरचा ठेवला. ९० × ४५ × ३ म्हणजे सुमारे १२ लिटर. लिटरला दीड किलो धरून १८ किलो वाळू लागली. १० सेंटिमीटरहून जाड थर तळाशी ऑक्सिजन नसल्यामुळे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतो हे खरं, पण तो एकदा लावला की खोलवर ढवळायचा नाही. काळ्या पडलेल्या तळातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वर आला तर टँक गेलाच. मधली ५-७ सेंटिमीटरची जाडी मला सगळ्यात नको वाटते: सायफनने साफ करायला जड, नायट्रेट घटवायला अपुरी.

वाळूमुळे पी.एच. आणि कॅल्शियम आपोआप टिकतं, असं सर्रास सांगतात. अ‍ॅरागोनाइट विरघळायला पी.एच. ८ च्या बराच खाली जावा लागतो. टँकचं पाणी ८ ते ८.३ मध्ये असताना वाळूचा हातभार नगण्य. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) मोजून आपणच भरायची.

दगड मात्र वाळूवर ठेवायचे नाहीत. गोबी मासे आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी दगडाखालून बोगदे काढतात, आणि वाळूवर टेकलेला डोलारा एका रात्रीत कलंडतो. मी दगड थेट तळावर, खाली प्लॅस्टिकची जाळी घालून रचले. मागच्या काचेपासून ५ सेंटिमीटर मोकळे सोडले, म्हणजे प्रवाह मागूनही फिरतो आणि काच घासायची पट्टी आत जाते. मगच भोवतीने वाळू. कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, खाली हात घालून उलथीपालथी करत धुतली. सात-आठ पाण्यांनंतर ताकासारखा रंग जाऊन पाणी नितळ आलं. पाकिटातली ओली, जिवाणू असलेली लाइव्ह सँड असेल तर धुवायची नाही, नाहीतर ज्या जिवाणूंसाठी घेतली तेच वाहून जातात.

आता संप, खरी मेहनत इथे. तीन कप्पे: पहिल्यात २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक (गाळ धरणारी कापडी पिशवी) आणि स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने घाण काढणारं यंत्र), मधला कीटोमॉर्फा शेवाळासाठी, शेवटी १५ सेंटिमीटर रुंदीचा, पाणी परत वर ढकलणाऱ्या रिटर्न पंपाचा. स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, माझ्या स्किमरला २० सेंटिमीटर. म्हणून त्या कप्प्याची आडवी काच तेवढ्याच उंचीची बसवली. बाष्पीभवनाने पातळी उतरते ती फक्त रिटर्न कप्प्यात. तो १५ × ३० चा असल्याने एक लिटर उडालं की पाणी दोन सेंटिमीटरहून जास्त खाली जातं. पातळी उतरली की भर घालणारा फ्लोट स्विच तिथेच हवा, आणि भर गोड्या, क्षार काढलेल्या (आर.ओ.-डी.आय.) पाण्याचीच. मीठ उडत नाही, पाणी उडतं.

तो कप्पा अरुंद ठेवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वरून खाली येणारा पाइप शेवाळाने किंवा गोगलगायीने तुंबला तर पंप वर ढकलत राहतो. कप्प्यात ७ लिटरच पाणी असेल आणि टँकला वर २ सेंटिमीटर मोकळी जागा असेल, म्हणजे ८ लिटरची, तर जमीन कोरडी राहते. कप्पा दुप्पट केला की हे गणित मोडलं.

वीज गेल्यावर उलटं घडतं. रिटर्नचं तोंड पातळीच्या खाली असेल तर पाणी सायफनने परत संपात येतं. टँकची पातळी ३ सेंटिमीटर उतरली की १२ लिटर खाली येतात, म्हणजे संपात जवळजवळ ७ सेंटिमीटर चढ, पाइपातलं वेगळं. पाणी उलटं वाहू न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर मी विसंबत नाही, चुन्याच्या थराने तो अर्धवट उघडा राहतो. त्याऐवजी रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ६ मिलिमीटरचं छिद्र पाडलं. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे छिद्र दर पंधरवड्याला काडीने मोकळं करावं लागतं. पंप बंद करून संप कुठवर भरतो ते पाहिलं आणि बाहेरून काचेवर मार्करने रेघ मारली. चालू असताना पाणी या रेघेच्या खूप खाली राहायला हवं.

खाली येणारे पाइप दोन: एक पूर्ण भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह; दुसरा कोरडा, आणीबाणीचा. बॉल व्हॉल्व्ह लावू नका. केसभर फिरवला तरी प्रवाह धाडकन बदलतो आणि गुडगुड थांबत नाही. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढ आणि तीन कोपरे गेल्यावर २५०० लिटरच्या पंपातून ताशी निम्मं मिळालं तरी पुरे. संपातून ताशी ४-५ फेऱ्या होतील एवढाच प्रवाह हवा. दगडांवरची झुळूक वेव्हमेकरने द्यायची.

भरताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाणी सोडलं. मीठ वेगळ्या पिंपात, पाण्यात मीठ या क्रमाने, घनता १.०२५. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं तर कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतं. धूसरपणा दोन-तीन दिवस राहिला. दगडांवर बसलेली पांढरी भुकटी मोठ्या पिचकारीने उडवली, सॉकने धरली.

मासे सोडण्याआधी घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पी.पी.एम. (दहा लाखांत दोन भाग) केला. घातलेला अमोनिया आणि त्यातून होणारा नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर येऊ लागायला पाच आठवडे लागले. नायट्राइट चढा असताना नायट्रेटची चाचणी खोटा, फुगलेला आकडा दाखवते. त्याकडे पाहून पाणी बदलायची घाई करू नका. मग डायटम हे तपकिरी सूक्ष्म शेवाळ आले, वाळू गंजल्यासारखी दिसली. त्यांना घाबरून फॉस्फेट काढणारं माध्यम ओतलं आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले, तर डायनोफ्लॅजलेट्स या दुसऱ्या सूक्ष्म जीवांना रान मोकळं मिळतं, आणि ते डायटमपेक्षा कितीतरी चिवट. मी फॉस्फेट ०.०५ पी.पी.एम.च्या आसपास राहू दिला.

सॉक तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलायचा, साबणाविना धुवून वाळवायचा. वाळूचा एक तृतीयांश भाग दर पाणीबदलाला सायफनने ढवळतो, दगडाखालची सोडून.