माळ्याला वारा पाहिजे

कोल्हापुरात माळ्याची किंमत जुलै-ऑगस्टात कळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडे निघाली, की नदीकाठच्या घरांत सामान वर चढायला लागतं. आधी धान्याचे डबे, मग गाद्या, मग मिक्सर. टीव्ही सगळ्यात शेवटी, कारण पाणी किती वाढलं ते त्याच्यावरच बघायचं असतं. 2019 च्या महापुरानंतर तर माळा नसलेलं घर कुणाला दाखवायचीच सोय राहिली नाही.

पण पाण्यापासून वाचलेलं सामान माळ्यापासून वाचेलच असं नाही. आमचा माळा पत्र्याखालचा. एप्रिलमध्ये दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्त्या डब्यात वाकून एकमेकींना चिकटतात. आणि आषाढात जपून ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेवर हिरवट-पांढरी बुरशी धरते, नखानं खरवडली की बुकणी पडते. चामडं सहा महिने भाजायचं आणि चार महिने भिजवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार!

जुन्या घरावर मंगळुरी कौलं होती. 1865 मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला, तिथून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. दोन कौलांच्या सांध्यातनं ऊन आत यायचं नाही, पण तापलेली हवा आढ्याजवळून बाहेर पडायची. दरवर्षी शाकारणी, फुटकी कौलं बदला, मांजरांच्या मारामाऱ्या... पत्रा घातल्यावर ते सगळं गेलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त वाराही गेला.

मिस्त्री आले ते थर्मोकोल ठोकायच्या तयारीनं. त्याला मी नाही म्हटलं. माळ्यावरनं विजेच्या वायरी गेल्यात, आणि थर्मोकोल पेटायला वेळ लागत नाही. शिवाय उंदीर त्यात घर करतात. त्यापेक्षा चंदेरी फॉइलची शीट बरी. पण तीसुद्धा पत्र्याला चिकटवायची नाही, मध्ये दोन-तीन बोटं जागा सोडायची. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच ती उष्णता अडवते. पत्र्याला टेकली की पत्र्याबरोबर तीही तापते.

एवढं करून उन्हाळा निभावतो, पावसाळा नाही. खालच्या स्वयंपाकघरातली वाफ माळ्याच्या झडपेतनं वर जाते, पहाटे गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन गाद्यांवर पडते. लोक पत्रा गळतोय म्हणून डांबर मागवतात. डांबरानं काय होणार? त्या वाफेला वाट पाहिजे. एक जाळी खाली वळचणीला, दुसरी वर आढ्याजवळ. दोन्ही एकाच उंचीवर केल्या, तर वारा पडलेल्या दिवशी हवा जागची हलत नाही. गरम हवा वरनं निघाली तरच खालनं ताजी ओढली जाते.

"वहिनी, पाऊस आत येतोय की जाळीतनं," मिस्त्री म्हणाले. "आपल्याकडं पाऊस वाकडा येतोय."

मुद्दा बरोबर होता. म्हणून खालच्या जाळीवर बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या बसवल्या. वर ते फिरतं टोपडं बसवा म्हणत होते, शिरोलीच्या फौंड्र्यांच्या शेडवर असतं तसलं. तिथं भट्ट्या आहेत, इथं गाद्या. म्हटलं, जाळीवर भागतंय.

काम झालं, बोचकी भिंतीपासून वीतभर सरकवून ठेवली. सासूबाईंनी वर्षाच्या कांदा-लसूण चटणीची बरणी मात्र अजून खालीच ठेवलीय. एक पावसाळा जाऊ दे म्हणतात, मग बघू.